कोठार, शासन आणि आपत्ति : मौर्यकालीन दोन लेख व अर्थशास्त्र

दुष्काळ, महापूर, आग व रोगराई यांच्या वर्णनांस आपल्या जुन्या लेखनांत तोटा नाहीं. बखरींत तीं आहेत, शकावल्यांत आहेत, कुलकर्ण्यांच्या दप्तरांतील लहानशा टिपणांतही आहेत. संकट येऊन गेल्यावर लिहिलेला मजकूर असा विपुल मिळतो. परंतु संकट येण्यापूर्वीं त्यासाठीं सरकारानें काय करून ठेविलें होतें हें सांगणारा कागद हातीं लागणें ही फार विरळा गोष्ट होय. याचें कारण उघड आहे. जें मोडलें त्याची नोंद कोणीही करतो. जें मोडूं नये म्हणून झिजले त्यांची नोंद करण्याचें कोणास सुचत नाहीं. या दुसऱ्या जातीचे दोन लेख हिंदुस्थानांत मौर्यकाळापासून शिल्लक राहिले आहेत. दोन्ही आकारानें क्षुल्लक, दोन्ही वाचावयास अवघड. तथापि राज्यकर्त्यांची आपत्काळाची तयारी हा विषय ज्यांस अभ्यासावयाचा आहे त्यांनीं आरंभ येथूनच करावा असें आम्हांस वाटतें.

पहिला लेख सोहगौरा येथील. हें खेडें गोरखपूर जिल्ह्यांत राप्ती नदीच्या कांठीं आहे. तेथें सांपडलेला तांब्याचा एक लहानसा पत्रा इ. स. १८९४ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीमार्फत विद्वानांपुढें आला. त्याची लांबी सुमारें अडीच इंच व रुंदी दोन इंचांहूनही कमी. म्हणजे तळहातावर मावून जागा उरेल एवढा. त्यावर ब्राह्मी लिपींत चार ओळी आहेत. अक्षरें टांकीनें खोदलेलीं नसून पत्राच सांच्यांत ओतलेला आहे, आणि त्यामुळें अक्षरें वर उठून आलेलीं आहेत. आमच्या संग्राहक मित्रांनीं या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. एकच प्रत करावयाची असती तर सांचा करण्याचा खटाटोप कोणी कशाला केला असता? एकाच हुकुमाच्या अनेक प्रती काढून त्या ठिकठिकाणीं पाठविण्याचा हेतु असावा, असें अनुमान यावरून सहज निघतें.

ओळींच्या वर चिन्हांची एक रांग आहे. तींत कठड्यांतील वृक्ष आहे, टेकडीवरील चंद्रकोर आहे, आणि खांबांवर उभारलेल्या, वर दुहेरी छप्पर असलेल्या मांडवासारख्या इमारतीचें चित्र दोन वेळां काढलेलें आहे. टेकडी व चंद्रकोर हें चिन्ह जुन्या छाप्याच्या नाण्यांवर ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस त्याची ओळख पटवून देण्याचें कारण नाहीं. इमारतीचें चित्र मात्र अपूर्व आहे. खालच्या मजकुरांत दोन कोठारांचा उल्लेख आहे आणि वर दोन इमारती काढलेल्या आहेत. तेव्हां हीं त्या कोठारांचींच चित्रें होत, हें बहुतेकांनीं मान्य केलें आहे. धान्याचें कोठार जमिनीस टेकूं न देतां खांबांवर उचलून बांधलें म्हणजे ओल व उंदीर या दोन्ही शत्रूंपासून बचाव होतो. वाचतां न येणाऱ्या मनुष्यासही हा हुकूम कशासंबंधीं आहे हें कळावें, एवढी काळजी पत्रा ओतविणाऱ्यानें घेतलेली दिसते.

मजकूर थोडक्यांत असा : श्रावस्तीच्या महामात्रांचें हें शासन असून अमुक ठिकाणचीं दोन कोठारें आत्ययिक प्रसंगासाठीं आहेत, एरवीं त्यांतील कांहीं घेऊं नये. स्थलनामें व मधले कांहीं शब्द यांविषयीं बराच वाद झालेला आहे. ब्यूलर यांनीं प्रथम वाचन केलें. फ्लीट यांनीं इ. स. १९०७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, हीं कोठारें हमरस्त्यांवरील वाहतुकीच्या अडीअडचणीकरितां होतीं, नित्याच्या उपयोगाकरितां नव्हतीं. पुढें बरुआ यांनीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या वार्षिकांत त्याचा नव्यानें विचार केला, आणि जायसवाल यांनीं हा लेख दुष्काळनिवारणाचा आहे, असें मत दिलें. आम्हांस शेवटचें मत अधिक ग्राह्य वाटतें. त्याचें कारण दुसऱ्या लेखाकडे वळलें म्हणजे स्पष्ट होईल. परंतु वाद कसाही सुटो, दोन गोष्टी सर्वांस मान्य आहेत. ‘आत्ययिक’ म्हणजे तातडीच्या प्रसंगासाठीं वेगळा सांठा केलेला होता, ही एक. आणि त्याला एरवीं हात लावूं नये असा स्पष्ट निषेध होता, ही दुसरी. निषेध लिहून ठेवावा लागला यावरून हात लावणारेही होते हें ओघानेंच आलें.

दुसरा लेख महास्थान येथील. हें स्थळ आज बांगलादेशांत, बोगरा जिल्ह्यांत करतोया नदीवर आहे. प्राचीन पुंड्रनगर तें हेंच. तेथें इ. स. १९३१ सालीं चुनखडी दगडाचा एक तुकडा सांपडला. त्याची एक बाजू फुटलेली असल्यामुळें प्रत्येक ओळीचा आरंभ गेला आहे. उरल्या त्या सहा-सात ओळी, त्याही अपुऱ्या. लिपि अशोककालीन ब्राह्मी. हा लेख एपिग्राफिया इंडिकांत प्रसिद्ध केला तो देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनीं. एका महाराष्ट्रीय पंडितानें कलकत्त्यास राहून वंगदेशांतील सर्वांत जुना शिलालेख वाचावा, ही गोष्ट येथें सहज नमूद करून ठेवितों.

या लेखांत तीळ व मोहरी दिल्याचा उल्लेख आहे, धान्याचा आहे, ‘गंडक’ नांवाच्या नाण्यांचा आहे, आणि ज्यांस हें द्यावयाचें त्या लोकांचें नांवही आहे. भांडारकरांनीं तें संवंगीय असें वाचलें, बरुआंनीं तें निराळें मानलें. हुकुमाची अंमलबजावणी पुंड्रनगराहून व्हावयाची आहे. यापुढील भाग आमच्या दृष्टीनें मुख्य होय. संकटाचे प्रकार तेथें नांवानिशीं सांगितले आहेत, आणि त्या प्रत्येकास तोच शब्द जोडला आहे जो शेंकडों मैलांवरील सोहगौऱ्याच्या पत्र्यावर आहे : आत्ययिक. एक संकट पाण्याचें, एक दैवी, आणि तिसरें, एका वाचनाप्रमाणें, ‘शुक’ म्हणजे पोपटांचें. अखेरीस, हें कोठार व हा कोश धान्यानें आणि गंडकांनीं पुन्हां भरावयाचा आहे, असें सांगितलें आहे.

पोपटाचें नांव वाचून कांहींनीं शंका घेतली, आणि भांडारकरांनीं त्या जागीं सुकाळाचा अर्थ घेतला. परंतु शेतकऱ्यास ही शंका येणार नाहीं. दाणा भरलेल्या शेतावर पोपटांचा थवा उतरला म्हणजे घटकाभरांत काय होतें हें त्यानें पाहिलेलें असतें. शिवाय आपल्या परंपरेंत ज्या सहा ईति सांगितल्या आहेत त्यांत अतिवृष्टि, अनावृष्टि, उंदीर व टोळ यांच्या जोडीला पोपट आहेतच. सहावी ईति म्हणजे सीमेवर येऊन ठेपलेले शेजारचे राजे. तेव्हां इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांतील अधिकाऱ्यानें महापूर व पोपट एकाच हुकुमांत घातले यांत विस्मय मानण्याजोगें कांहीं नाहीं.

आतां हे दोन तुकडे परस्परांस व तिसऱ्या एका साधनास कसे जोडले गेले तें पाहूं. सोहगौऱ्याचा पत्रा वाचला गेला त्या वेळीं कौटिल्याचें अर्थशास्त्र हें केवळ नांवानें व अवतरणांवरून माहीत होतें. इ. स. १९०५ सालीं तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें ग्रंथलिपींत लिहिलेली एक ताडपत्री पोथी म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयास दिली. तेथील ग्रंथपाल शामशास्त्री यांनीं ती ओळखली आणि १९०९ सालीं ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. पुढें मल्याळम् लिपींतील प्रतींच्या साह्यानें त्रिवेंद्रमास गणपतिशास्त्री यांची आवृत्ति निघाली. गुजराथेंतील पाटण येथील जैन भांडारांत एका खंडित प्रतीचा कांहीं भाग मिळाला. आणि सर्व साधनें एकत्र करून रा. पं. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठातर्फे १९६० सालीं चिकित्सक संहिता दिली. देणाऱ्या पंडिताचें नांव पोथीबरोबर इतिहासांत राहिलें नाहीं. ज्यांच्या घरीं फडताळांत पोथ्या आहेत त्यांनीं याचा विचार आपापल्या मनाशीं करावा.

त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांत कोष्ठागाराध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. जमा होणाऱ्या मालापैकीं अर्धा जनपदांतील लोकांच्या आपत्तीसाठीं राखून ठेवावा, अर्धाच वापरावा, आणि नवा माल आला म्हणजे जुना काढून त्या जागीं नवा घालावा, असा तेथें नियम आहे. दुर्गांतील सांठ्याविषयींही हेंच सांगितलें आहे : तेल, धान्य, मीठ, औषधें, लांकूड, शस्त्रें इत्यादि सर्व वस्तु कित्येक वर्षें पुरतील इतक्या ठेवाव्या आणि नव्यानें जुनें बदलीत जावें. नियम दिसावयास साधा आहे. पण पाळण्यास कठीण. राखीव धान्य कोणी वापरीत नाहीं म्हणून किडतें, आणि वापरलें तर राखीव राहत नाहीं. या दोहोंतून मार्ग काढावयाचा तर सांठा सतत हालत राहिला पाहिजे व तरीही कमी होतां कामा नये. यासाठीं धान्यापेक्षां हिशेबाची अधिक गरज. सोहगौरा येथील ‘घेऊं नये’ हा निषेध, महास्थान येथील ‘पुन्हां भरावें’ ही आज्ञा, आणि अर्थशास्त्रांतील ‘अर्धें राखावें, जुनें बदलावें’ हा नियम हे एकाच व्यवस्थेचे तीन अवयव आहेत, असें आमचें म्हणणें आहे.

चौथ्या अधिकरणांतील तिसरा अध्याय तर सबंध याच विषयास वाहिलेला असून त्याचें नांव ‘उपनिपातप्रतीकार’ असें आहे. अग्नि, पूर, रोग, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र श्वापदें, सर्प व राक्षस हीं आठ दैवी महाभयें तेथें सांगून प्रत्येकावर उपाय दिला आहे. मंत्रतंत्र, नदीपूजन, शांति हीं त्यांत आहेतच. तीं गाळून ग्रंथकर्त्यास आधुनिक ठरविण्याची जी एक हौस कांहीं लेखकांस असते ती आम्हांस पसंत नाहीं. परंतु पूजेच्या शेजारीं नावाही आहेत. नदीकांठच्या खेड्यांनीं पावसाळ्यांत पुराच्या मर्यादेबाहेर जाऊन राहावें, फळ्या, वेळू व नावा जवळ ठेवाव्या, आणि वाहून जाणाऱ्यास भोपळे, चामड्याचे पखालीसारखे फुगे, ओंडके, तराफे, जें हातीं लागेल त्यानें बाहेर काढावें. जो मदतीस धांवणार नाहीं त्यास बारा पण दंड. मात्र ज्याच्याजवळ तरण्याचें साधन नाहीं त्यास तो नाहीं. हा अपवाद लिहिणाऱ्यानें प्रत्यक्ष पूर पाहिला असावा.

आगीसंबंधीं नगराधिकाऱ्याच्या अध्यायांत याहूनही बारीक तपशील आहे. उन्हाळ्यांत भर दुपारीं चूल पेटवूं नये. प्रत्येक घरीं पाण्याचे पांच घडे, त्याशिवाय रांजण, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा व पखाल हीं असावीं, नसल्यास दंड. गवती छपरें काढून टाकावीं. लोहारांसारखे अग्नीवर काम करणारे लोक एका बाजूस वसवावे. रस्ते, चवाठे, वेशी व राजवाडे यांपाशीं पाण्याच्या घागरींच्या रांगा तयार ठेवाव्या. घरास आग लागली असतां मालक धांवला नाहीं तर बारा पण, भाडेकरू धांवला नाहीं तर सहा. भाडेकरूची उदासीनता निम्म्या किमतीची धरली आहे, हें पाहून हंसूं येतें; पण न्याय त्यांत आहे.

आठव्या अधिकरणांत कोणती आपत्ति अधिक घातक याची चर्चा आहे. पूर्वाचार्यांच्या मतें पुरापेक्षां आग वाईट. कौटिल्य म्हणतो, आग एखादें गांव किंवा अर्धें गांव जाळते, पूर शेंकडों गांवें नेतो. तसेंच रोगापेक्षां दुर्भिक्ष वाईट, कारण रोग एका प्रदेशास पीडितो, दुर्भिक्ष सबंध देशाची उपजीविकाच तोडतें. ही तुलना पांडित्यासाठीं केलेली नाहीं. साधनें थोडीं असतां आधीं कोठें खर्च करावा हें ठरविण्याची ती रीत आहे.

दुर्भिक्षावरील उपायांचा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. प्रथम बीं व खाण्यास धान्य देऊन लोकांवर अनुग्रह करावा. किंवा अन्न देऊन दुर्गाचीं अगर बंधाऱ्यांचीं कामें काढावीं. किंवा असलेलें अन्न वांटून घ्यावें. मित्रराज्यांचें साह्य मागावें. श्रीमंतांजवळील संचय काढावा. आणि कांहींच न साधलें तर प्रजेसह पीकपाणी चांगलें असलेल्या देशीं जावें, अथवा समुद्र, सरोवर, तळीं यांच्या आश्रयानें राहून धान्य, भाजी, कंदमुळें लावावीं, मासे व मृग यांवर गुजराण करावी. इ. स. १८८० च्या दुष्काळ कमिशनानंतर जे दुष्काळी कायदे झाले त्यांचा मुख्य आधार काम देऊन अन्न पुरविणें हाच होता, आणि १९७२-७३ च्या अवर्षणांत महाराष्ट्रांत लाखों लोक ज्या पाझर तलावांवर व रस्त्यांवर राबले त्या कामांची जातही हीच. मात्र एकाचा दुसऱ्याशीं परंपरेनें संबंध जोडूं नये; १८८० सालीं अर्थशास्त्र कोणी वाचलेलेंच नव्हतें.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. शास्त्रांत नियम असणें म्हणजे व्यवहारांत तो चालूं असणें नव्हे. ग्रंथाचा काळही विवाद्य आहे. सांप्रतच्या संशोधकांपैकीं बरेच जण तो मौर्यांच्या नंतरचा, इसवी सनाच्या पहिल्या शतकांच्या आसपासचा मानतात. मेगॅस्थेनीसच्या आधारें ग्रीक लेखक सांगतात कीं हिंदुस्थानांत दुष्काळ कधीं पडलाच नाहीं. आणि जैन परंपरा सांगते कीं चंद्रगुप्ताच्या कारकीर्दींत बारा वर्षांचा दुष्काळ पडून संघ दक्षिणेस गेला. दोन्ही साक्षी शब्दशः घेतां येत नाहींत. म्हणूनच हा तळहाताएवढा पत्रा व तो फुटका दगड यांचें मोल आम्हीं अधिक मानतों. ते शास्त्र नव्हेत, स्तुति नव्हे, दंतकथाही नव्हेत. कामावरच्या अधिकाऱ्यानें कामावरच्या अधिकाऱ्यास दिलेले हुकूम आहेत. ग्रंथाचा काळ कितीही खालीं ओढला तरी त्यांतील कोठाराचा नियम त्याहून जुना असल्याचें हे लेख सिद्ध करितात.

आणखी एक प्रश्न राहतो. महास्थान येथें दिलेलें धान्य दान होतें कीं कर्ज? कोठार व कोश पुन्हां भरावयाचा हें वाचल्यावर आम्हांस तरी तें परतफेडीच्या बोलीवर दिलेलें वाटतें. यांत कोणास राजाचा कृपणपणा दिसेल. परंतु आपल्या दप्तरांतील तगाईचे कागद ज्यांनीं चाळले आहेत ते असें म्हणणार नाहींत. बैल व बीं यांसाठीं रयतेस रक्कम द्यावयाची, आणि पिकें आलीं म्हणजे हप्त्यांनीं उगवून घ्यावयाची, ही रीत मराठी राज्यांत नित्याची होती. दान एका वर्षीं पोट भरतें. परत भरलेलें कोठार पुढच्या वर्षींही असतें. मात्र वसुली निष्ठुर झाली तर हीच रीत दुसरा दुष्काळ ओढवून आणिते, हेंही तितकेंच खरें. नियमाचा गुण तो राबविणाऱ्याच्या हातीं असतो.

धान्याच्या तयारीजवळ बांधकामाची तयारी ठेवून पाहिली म्हणजे राज्याची परीक्षा अधिक नीट होते. गिरनारच्या पायथ्याशीं सुदर्शन नांवाचें सरोवर चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त यानें बांधविलें व अशोकाच्या वेळीं तुषास्फ यानें त्याचे पाट पुरे केले. इ. स. १५० च्या सुमारास प्रचंड वादळांत त्याचा बांध फुटला; भगदाड ४२० हात लांब, तितकेंच रुंद व ७५ हात खोल. रुद्रदामन् क्षत्रपाच्या लेखांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, एवढें भगदाड पाहून त्याच्या सल्लागार व कार्यकारी अशा दोन्ही मंत्र्यांनीं काम अशक्य ठरवून विरोध केला, आणि बांध पुन्हां होणार नाहीं म्हणून लोकांत हाहाकार झाला. शेवटीं पह्लव सुविशाख या अधिकाऱ्यानें तो बांधविला. पैसा राजाच्या कोशांतून, कर, वेठ किंवा सक्तीची देणगी न घेतां. राजाच्या स्तुतिपर लेखांत मंत्र्यांचा नकार नोंदला जावा ही दुर्मिळ गोष्ट आहे. पुढें गुप्त संवत् १३६ मध्यें तोच बांध पुन्हां रात्रीं फुटला आणि चक्रपालितानें दुसऱ्या वर्षीं दोन महिन्यांत तो दुरुस्त केला. एकच खडक अशोकाच्या आज्ञा, रुद्रदामन् व स्कंदगुप्त यांचे लेख असे तिन्ही अंगावर वागवितो, आणि त्यांतील दोन एका बांधाच्या फुटण्याविषयीं आहेत.

मराठ्यांच्या बाजूस आलें म्हणजे किल्ला हेंच कोठार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्यावर झरा असला तरी त्यावर विसंबूं नये, टांकीं बांधून पाण्याचा राखीव सांठा करावा, आणि दारूखाना राहत्या घरापासून दूर असावा, अशी ताकीद आहे. आशय तोच, कीं नित्याचें वेगळें व प्रसंगाचें वेगळें. पन्हाळगडावरील अंबारखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या तीन प्रचंड कोठ्या आजही उभ्या आहेत. इमारत आपण पाहतों. तिच्यांतील हिशेब कोणी पाहत नाहीं. गडांच्या अंबारखान्याच्या जमाखर्चांत ‘जुनें काढून नवें भरलें’ अशा नोंदी किती वर्षांच्या अंतरानें येतात, किडीनें गेलेल्या गल्ल्याची तूट कोणाच्या नांवें मांडिली जाते, आणि अवर्षणाच्या सालीं हुकुमावांचून दार उघडलें गेलें कीं काय, हे तीन प्रश्न मनांत धरून ज्यांच्या संग्रहीं असे रुमाल असतील त्यांनीं ते एकदां सोडून पाहावे. रद्दी म्हणून बाजूस ठेविलेले धान्याचे बंदच येथें उपयोगी पडणार आहेत.